पाचव्या पायरीवरची पाटी

भारत विधाते आमच्या ऑफिसात आला तो १९९५ साली, ट्रेसिंग पेपरवर नकाशे उतरवायला. ऑफिस म्हणजे शरणपूर रोडवरच्या दोन खोल्या. आर्किटेक्ट साहेब कायम बाहेर आणि आत आरडाओरडा करायला मी, जीवन इंजिनिअर. माझा आवाज खालच्या पानवाल्यापर्यंत जातो असं लोक म्हणतात. भारतवर मी पहिल्याच आठवड्यात ओरडलो, कारण त्यानं एका बंगल्याच्या जिन्यात एक पायरी कमी काढली होती. "शेवटी काय उडी मारायची का रे?" असं मी विचारलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं.

त्या दिवसापासून त्यानं जिना असा मनावर घेतला की विचारू नका. कुणाकडे सत्यनारायणाला गेला तरी आधी खिशातला टेप काढून पायरी मोजायचा, तीर्थप्रसाद नंतर.

२००१ साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. भारत मात्र घराचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकला आणि मजल्याची उंची टाकून पडद्यावर जिना उभा करू लागला. लँडिंगला जिना वळवायचा, रेलिंगचे गज एकेक करून लावायचा, मग गिऱ्हाईकाला शेजारी बसवून तो जिना चढवून दाखवायचा. बायका तर लँडिंगवर आल्या की "जरा थांबा हो" म्हणायच्या आणि तिथं खिडकी मागायच्या. उंचीचा अंदाज यावा म्हणून त्या सॉफ्टवेअरात उभा करायला एक तयार माणूस मिळायचा. सूट घातलेला, हातात बॅग. नाशकात असा माणूस जिना चढताना मी अजून पाहिलेला नाही, पण आमच्या प्रत्येक मॉडेलमध्ये तो होता.

भारतची आई, सगुणाबाई, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात भाजी विकायची. मखमलाबादला त्यांचा थोडा मळा होता. संध्याकाळी मेथी, शेपू उपटायचा, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली उघड्यावर ठेवायच्या आणि पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघायचं. नवरा गेल्यावर या पाटीवरच तिनं भारतला आयटीआयचा कोर्स करवला. पगार वाढल्यावर भारत म्हणायला लागला, "आई, आता पाटी सोड. लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "लोकं 'शेपू ताजा हे का?' एवढंच इचारतात." तीन वर्षं हा वाद चालला आणि म्हातारीनं काही पाटी सोडली नाही.

२००४ साली भारतनं मळ्याच्या कडेला स्वतःचं घर बांधलं. त्याचं मॉडेल त्यानं चार महिने घोळवलं. रेलिंगच तीनदा बदललं. वरच्या खोलीत भिंतीतलं कपाट बसावं म्हणून त्यानं वरची स्लॅब जिन्यावर दोन फूट पुढे काढली. सूटवाला माणूस त्या स्लॅबखालून आरामात जात होता. मीही पाहिलं आणि नकाशावर सही ठोकली.

वास्तुशांत झाली. जुनं अंगण फरशीखाली गेलं होतं आणि घरात पाला पिवळा पडतो, म्हणून सगुणाबाई संध्याकाळी मेथीची भरली पाटी डोक्यावर घेऊन गच्चीकडे निघाली. पाचव्या पायरीवर पाटी स्लॅबच्या कडेला धडकली. रेलिंग हाती लागलं म्हणून ती पडली नाही, पण जुड्या पार खालच्या फरशीपर्यंत विखुरल्या. तिनं त्या गोळा केल्या, पाटी कोपऱ्यात पालथी घातली आणि बोलणंच बंद केलं. चार दिवस बाजारालाही गेली नाही.

"सर, घरी चला," भारत मला म्हणाला. "ती माझ्याशी बोलत नाही."

मी गेलो. सगुणाबाई ओट्यावर बसली होती. मी विचारल्यावर म्हणाली, "भाऊ, पोरानं पाटी सोड म्हणून लय डोकं खाल्लं. मी नाय ऐकलं. आता त्यानं घरच असं बांधलं का पाटी वर जाऊच नाय."

"आई, शपथ घेतो," भारत काकुळतीला आला. "मुद्दाम नाही केलं. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मुद्दाम केलं असतं तर भांडले असते अन् इसरले असते," ती म्हणाली. "या पाटीवर तू शिकला. अन् तुला तीच दिसली नाय?"

मी ओरडायच्या तयारीनंच गेलो होतो, पण ओरडायचं कुणावर? दहा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेत होतो. कितीदा तरी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवायला मीच हात लावला होता, आणि त्या नकाशावर सही माझी होती. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भारतनं मॉडेल पुन्हा उघडलं. सॉफ्टवेअरात बाईही होती, फ्रॉकमधली, हातात पर्स. पर्स त्यानं काढून टाकली. आईची उंची टाकली, घरून मोजून आणलेली पाटी डोक्यावर ठेवली, वर मेथीचा ढीग रचला आणि तिला पाचव्या पायरीवर उभं केलं. पाटी स्लॅबच्या आत घुसलेली स्पष्ट दिसत होती. मग तो स्लॅबची कड थोडी थोडी मागे घेत गेला. एक फूट कापली की पाटी खालून सुटत होती, वर दोन बोटं जागा राहत होती आणि अर्धं कपाटही वाचत होतं. हे आईला पडद्यावर दाखवायचं आणि मगच स्लॅबला हात लावायचा, असं त्यानं ठरवलं.

बऱ्याच मिनतवारीनं सगुणाबाई ऑफिसात आली. पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसली.

"ही मी का?"

"हो."

"झग्यात?"

आम्ही हसलो, पण ती हसली नाही. भारतनं त्या बाईला एकेक पायरी चढवलं. पाचव्या पायरीवरून पाटी स्लॅबला न लागता पुढे गेली तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. सगुणाबाई मात्र पडद्याजवळ वाकली आणि बाईचं डोकं आणि पाटी यांच्या मध्ये तिनं बोट ठेवलं.

"चुंबळ कुठं हे?"

भारत पडद्याजवळ सरकला.

"उघड्या डोक्यावर पाटी कोण घेतं रे?" असं म्हणून तिनं कमरेला खोचलेली चुंबळ काढली आणि टेबलावर ठेवली. जुन्या लुगड्याची, पीळ घालून गोल केलेली, मधोमध दबलेली. "मोज."

भारतनं टेप लावला. चार बोटं भरली. वर जागा होती दोनच बोटं. ते पाहून त्याला रडू आलं, आणि लपवायचं त्याला सुचलंही नाही. डोळे पुसत त्यानं आधी बाईच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, मग स्लॅबचा पुढे काढलेला सगळाच भाग पुसून टाकला.

"आणि कपाट?" मी विचारलं.

"नको, सर."

सगुणाबाईनं मोकळा झालेला जिना नीट पाहून घेतला. मग तिनं हात पुढे केला.

"मोजली ना? आण मग इकडं," ती म्हणाली. "पहाटे बाजाराला लागंल."