वहीतली होडी

आमच्या गावात होडी नव्हती. गावच्या पूर समितीच्या अध्यक्षाने ती आहे असं लिहून दिलं आणि आम्हा सगळ्यांना फसवलं.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मुळशी खोऱ्यात माझं दोर, ताडपत्र्या, कंदील विकायचं दुकान होतं. आधी डोक्यावर गाठोडं, मग सायकल, मग चार भिंती. यात कुणाचा हात नव्हता, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही नव्हती.

एका पावसाळ्यात शेजारच्या गावात घर पडलं. माणसं मातीखाली, आणि लोक पहारी शोधत हिंडतायत. पलीकडच्याच गावात वीस पहारी होत्या, पण ते यांना ठाऊक नव्हतं. मी पौडच्या तहसील कचेरीत जाऊन बसलो. म्हटलं, दर गावाने मे महिन्यात आपल्याकडच्या पुरात-दरडीत उपयोगी पडणाऱ्या वस्तू लिहून द्याव्यात, सगळ्यांची मिळून एक वही तुमच्या फोनशेजारी ठेवा आणि तिची नक्कल प्रत्येक गावाला द्या. कारकून म्हणाला, छापील नमुने पुण्याहून यावे लागतील.

"भाऊसाहेब, साध्या कागदावर लिहा की. कार्बन मी देतो."

"कार्बन तुमचा, पण हात माझाच दुखणार ना, शेठ!"

तिसऱ्या खेपेला तो तयार झाला. वही सुरू झाली.

पण लिहिताना जो तो आपलं बघत होता. सरकारने नेलेली वस्तू परत येत नाही या भीतीने कुणी कमी लिहिलं. माझ्याकडे दोराची सहा भेंडोळी होती, मी दोन लिहिली. अध्यक्षाने उलट केलं. कचेरीतल्या बैठकीत गावाचं कौतुक व्हावं म्हणून त्याने शिमग्याआधीच विकून टाकलेली गावची होडी यादीत लिहिली. गावाची नक्कल त्याच्याच घरी असायची, त्यामुळे ती यादीत आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. ओढ्याचं पाणी फरशी पुलावरून वाहत होतं. पलीकडच्या वाडीत माझी धाकटी बहीण दिली होती, तिचे दिवस भरले होते. सकाळी तिचा दीर पलीकडच्या काठावर येऊन ओरडायला लागला, "पाव्हणं, बाळ आडवं हाय! सुईण म्हनतीय, पौडला न्या!"

मी पोस्टात धावलो, कचेरीला फोन लावला. पलीकडे तोच कारकून होता.

"होडी? तुमच्या शेजारच्या गावातली होडी तासाभरापूर्वी टेंपोत घालून ताम्हिणीकडे पाठवली."

"का पाठवली? हितं बाई अडलीय!"

"अहो, तुमच्या गावात स्वतःची आहे ना? वहीत बघूनच ठरवलं मी."

त्याची चूक नव्हती. मीच म्हटलं होतं, वही बघून ठरवा.

अध्यक्ष ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं.

"अण्णा, वहीतली होडी कुटं हाय?"

"इकली की. दुसरी घ्यायचीच हाय."

"मंग लिवली कशापायी?"

"गावाची इज्जत हाय का न्हाई? मोकळं पान धाडायचं व्हय?"

मी त्यांची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. भांडायला वेळही नव्हता.

दुकानातली सहाच्या सहा भेंडोळी काढली, ट्रकच्या ट्यूबा आणल्या, त्यांवर बाज बांधली. दोन पट्टीचे पोहणारे दोर घेऊन पार गेले. एक तर दोनदा वाहून परत आमच्याच काठाला लागला, पण हटला नाही. दोन्ही काठांच्या झाडांना दोर आवळले आणि बहिणीला बाजेवर निजवून ओढून आणलं. होडीने पाऊण तासात झालं असतं त्याला दुपार टळली. पौडला बहीण वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

पंधरा दिवसांनी चावडीवर सभा झाली. मी आधी उठलो आणि माझी लपवलेली चार भेंडोळी सगळ्यांसमोर कबूल केली. मग हटून बसलो की पुढच्या वर्षापासून वस्तू चावडीवर आणायची, शेजारच्या गावच्या माणसाने हात लावून बघायची आणि त्याच्या सहीशिवाय वहीत ओळ चढवायची नाही. कुरकुर झाली, पण ठरलं. त्या रीतीने लिहिलेल्या वहीवर पुढे कितीतरी वेळा खोऱ्यातल्या गावांनी एकमेकांना सोडवलं.

अण्णा त्या सभेत एवढंच म्हणाले, "कारकुनानं इचारायचं हुतं." अजून तेच म्हणतात. ते हयात आहेत, धडधाकट आहेत, गावच्या प्रत्येक बैठकीत पुढे बसतात. माझी बहीणही त्याच वाडीत आहे. तिला पुन्हा मूल झालं नाही.

अण्णा, ओढा ओलांडून तिच्या दारात जा. नसलेली होडी का लिहिली, ते तिला तोंडाने सांगा. कारकुनाचं नाव घ्यायचं नाही. मी बरोबर येतो, कधी निघायचं तेवढं बोला.