घरटी एक भाकरी

भाकऱ्यांची टोपली शाळेच्या ओट्यावर ठेवली, की दुसरीतली सारिका एकेक भाकरी उलटून बघते. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांची शाळा सुटू नये, म्हणून गावानं रोज घरटी एक भाकरी द्यायचं ठरवलं आणि आम्ही शिक्षकांनी मुलांना शाळेतच ठेवून घेतलं. सारिकाला आता सगळे हात ओळखू येतात. "ही सुतारकाकूंची. कडेला जाड असती."

निघायच्या दिवशी तिच्या आईनंही हट्टानं एक भाकरी टोपलीत टाकली होती, मधोमध तीन बोटं उमटलेली. तेव्हापासून सारिका तसलीच शोधते आहे. मला स्वतःचाच राग येतो. सगळं गाव मिळून आम्ही पोरांची पोटं भरतो आणि पोरं सांभाळली म्हणतो. तिच्या आईला इथंच काम मिळावं, एवढं मात्र आमच्यातल्या कुणाच्याच हातात नाही.

काल मला राहवलं नाही. बायकोला म्हटलं, "एका भाकरीवर तीन बोटं दाब." सारिकानं नेमकी तीच उचलली, ठशांवर स्वतःची बोटं टेकवून पाहिली आणि अलगद टोपलीत परत ठेवली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ही तर तुमच्या घरची हाय."