पाणी वाटणारे बाबा

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये मी दोन महिने एका म्हाताऱ्या पेशंटचे व्यायाम घ्यायला जायचे. ते अफगाणिस्तानातल्या हेरातजवळच्या खेड्यातले शेतकरी. तुतीच्या झाडावरून पडून खुबा मोडलेला. मुलगा पुण्यात शिकून इथे नोकरीला लागलेला, त्याने त्यांना ऑपरेशनसाठी आणलं. ऑपरेशन छान झालं, पण बाबा चालायला तयार नव्हते. वॉकर धरून लिफ्टपर्यंत जायचे, फारसीत काहीतरी पुटपुटायचे आणि मागे फिरायचे.

"काय म्हणतात रे?" मी एकदा विचारलं.

मुलगा ओशाळला. "म्हणतात, इथून जायचं कुठे?"

मग मी त्यांना गावाचंच विचारायला लागले. मुलगा मधे बसून समजावायचा. त्यांच्या तालुक्यात एका कालव्यावर बरीच गावं. मातीची घुमटाची घरं, द्राक्षाचे मळे, केशराची शेतं, उन्हाळाभर न थांबणारा वारा. कुठल्या गावाला किती वेळ पाणी द्यायचं, हे बाबा ठरवायचे. गावांनीच मिळून त्यांना नेमलेलं.

"वरची गावं गुपचूप पाणी वळवतात," ते म्हणाले. "रोज कालव्यावरून फिरावं लागतं. आता कोण फिरत असेल?"

त्यांचा जीव तिकडे अडकलेला, आणि मी त्यांना लिफ्टपर्यंत चालवत होते.

त्या रविवारी मुलाच्या गाडीतून आम्ही खडवलीला माझ्या आत्याकडे गेलो. भात कापून झालेलं, विहिरीच्या पाण्यावर तिने भाजीचे वाफे केलेले. बाबांनी उतरल्यावर पाण्याच्या पाटाकडे बघितलं आणि वॉकर सोडून काठी मागितली. मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला. पण ते चालले, पाटाच्या कडेकडेने, थेट टोकापर्यंत. तिथे थांबून काहीतरी बोलले आणि खाली वाकायला गेले.

"बाबा, वाकायचं नाही!" मी ओरडले.

ते काठीने दाखवत राहिले. पाटात गाळ साचून पाणी अडलेलं. आत्याने फावडं आणून तो काढला.

"अगं, मी रोज बघते, माझ्या लक्षात नाही आलं," ती म्हणाली. "ह्यांना चहा दे आधी."

पुढच्या आठवड्यात ते जिने उतरायला लागले. महिन्याभराने आपल्या गावी परत गेले.

परवा मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबा कालव्यावरून चाललेले, उजवा पाय अजून जरा ओढत.

"टाच आधी टेकवायला सांग त्यांना," मी म्हटलं.

बाबा हसत काहीतरी बोलले.

"म्हणतात, मुली, केशर फुलेल तेव्हा ये आणि स्वतः शिकव."

मी पासपोर्टचा फॉर्म भरलाय.