पुढची जागा

पलूसच्या शाळेच्या वार्षिक संमेलनात त्या नाटकवाल्या बाईंना मी एकदाच पाहिलं. दुपारच्या तालमीत मुलींच्या प्रत्येक वाक्याला त्या मैदानाच्या टोकाला जात आणि कानामागं हात धरून उभ्या राहत. संध्याकाळी त्यांनी पुढच्या रांगेतला पाहुण्यांचा सोफा थेट रंगमंचावर नेला, नाटकातल्या राजासाठी. एका बाजूनं मीही उचलला. सोफ्याच्या जागी, पुढं सतरंजीवर मुलींच्या आया बसल्या.

संस्थेचे अध्यक्ष तडकले. "बाई, सोफा खाली आणा! न्हाईतर पडदा उघडणार न्हाई."

"आवं साहेब, पडदा आमी आणलाच न्हाई. बसा की आयांशेजारी."

अध्यक्ष तरातरा निघून गेले. बाईंनी मुलींना खूण केली. दर वर्षी पाहुण्यांची डोकीच बघणाऱ्या आयांना त्या दिवशी आपल्या लेकी दिसल्या.