मांडीची मागची बाजू

खांबाला वळताना माझा उजवा गुडघा निसटल्यासारखा झाला, पण दुखला नाही. दुखला असता तर सांगता तरी आलं असतं. रविवारी जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड होती आणि अंबडच्या आमच्या मैदानावरून माझं नाव जवळपास पक्कं होतं.

सरांनी लांबूनच पाहिलं. "बैठका कमी पडू राह्यल्या तुझ्या. वाढव!"

हे मला पटेना. आमच्याकडे उशीर झाला की बैठका, खो चुकला तरी बैठका. बाकीच्या मुली काहीतरी थाप मारून सुटायच्या. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून त्या हसतील म्हणून मी तोंडच उघडत नसे, गुपचूप बैठका काढायचे. मांड्या पुढून घट्ट झाल्या होत्या. मला त्यांचा अभिमानच होता.

गुडघा निसटतो हे आईला सांगितलं, तेव्हा तिनं जालन्याला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी मला पालथं झोपवून टाच धरली. "वाकव गुडघा. मी अडवते." पाय थरथरला आणि खाली पडला. मला वाटलं, मी नीट जोर लावला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो, मागचा तिला धरून ठेवतो," मॅडम म्हणाल्या. "बैठकांनी तुझा पुढचाच वाढलाय, मागचा फारच कच्चा आहे. गरकन वळलीस की सगळा ताण गुडघ्यातल्या अस्थिबंधावर, म्हणजे लिगामेंटवर येतो. रविवारी नको खेळूस."

परतताना बसमध्ये आई म्हणाली, "सर इतकी वर्षं शिकवून राह्यले, ते काय उगाच सांगतेत?" मलाही तेच वाटत होतं. मॅडमचंही खरं वाटत होतं.

रविवारी बूट घालून मैदानावर गेले. खेळायचं की नाही, हे तेव्हाही ठरलं नव्हतं. सरांनी हाक मारली आणि तोंडातून निघालं, "सर, माझी मांडी मागून कच्ची आहे."

"मागून?" सर हसले. मुलीही हसल्या.

मी तिथंच मातीत पालथी पडले. कॅप्टन ताईला म्हटलं, "टाच धरा."

"अगं, कपडे भरतील की!" म्हणत तिनं धरली. पाय पडला. कुणी हसलं नाही. मग सरांनी ताईला पालथं व्हायला लावलं. तिचाही पाय पडला.

सरांनी ताईला हात देऊन उठवलं. मग मला म्हणाले, "तू बस बाजूला."

मी बसले. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रडूही येत होतं. माझ्या जागी दुसरी मुलगी उतरली. ताईला मात्र सरांनी खेळवलंच. ती खांबाला वळली की मी माझाच गुडघा घट्ट धरत होते.

तेवढ्यात एक मुलगी उशिरा धावत आली आणि सवयीनं बैठकांना उभी राहिली. सरांनी बैठका सांगायला बोट उचललं, मग खाली घेतलं.

"मंग... तू... जा, पाणी पी आधी."