दचकेमामांची आरोळी

दचकेमामा भूत येण्याच्या आधीच ओरडायचे. पडद्यावर नुसतं दार किलकिलं झालेलं असायचं, आत काय आहे ते अजून कोणाला कळलेलं नसायचं, तोच मामांचे दोन्ही खांदे कानांपर्यंत उडायचे. मग "आयेऽ गे!" अशी आरोळी निघायची की अर्धं थेटर तिनेच घाबरायचं आणि मागाहून येणारं भूत बिचारं फुकट जायचं. परळच्या थेटरातला डोअरकीपर तिकिटं फाडताना विचारायचा, "मामा आलेत ना? मग आज पब्लिक खूश."

त्यांचं खरं आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हजेरीपुस्तकाबाहेर ते कोणी वापरलंच नाही. दचके हे आडनाव गिरणीने दिलेलं. मामा होते ते महादूचे. महादू त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मालवणाकडून त्यांनीच त्याला मुंबईला आणला, आपल्या खात्यात लावला आणि लालबागच्या आपल्या खोलीत ठेवला. मी त्याच चाळीतला, त्याच खात्यातला आणि महादूच्याच वयाचा. तो मामा म्हणायचा म्हणून मी म्हणू लागलो, मग सगळं खातंच म्हणू लागलं. इतरांना भजनाचं, कबड्डीचं, झालंच तर दारूचं वेड असे. आम्हा तिघांना भुताच्या सिनेमांचं होतं.

आमचं खातं साच्यांचं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं. शेकडो साचे एकदम चालत. त्या खडखडाटात शेजाऱ्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे, म्हणून तिथे कोणी ओरडायच्या भानगडीतच पडत नसे. हातांनी बोलायचं. पाणी पाहिजे, धागा तुटला, बायको बाळंत झाली, सगळ्याला खुणा ठरलेल्या. जॉबर, म्हणजे आमच्यावरचा देखरेख करणारा, कोणाच्या पाठीमागून येत असला की ज्याला दिसेल त्याने दोन बोटं खांद्यावरून मागे करायची. मागे बघ, असा त्याचा अर्थ. या खुणेने कित्येकांच्या डुलक्या वाचवल्या. वीस-वीस वर्षं तिथे काढलेल्या माणसांचे हात तोंडाच्या आधी बोलू लागतात. मामांना तर सत्तावीस वर्षं झाली होती.

सोमवारी या खुणांना रंग चढायचा. रविवारची मॅटिनी बघून आलेला माणूस साच्यापलीकडून आपला निकाल सांगायचा. छातीवर एक थाप म्हणजे दुसरं काही काम नसेल तर जा. दोन म्हणजे बघण्यासारखा आहे. तीन म्हणजे काहीही कर, पण बघ. आणि सगळ्यात शेवटी मूठ वळून दाखवायची, म्हणजे शेवट सांगणार नाही. हा मामांचा कायदा होता. एकदा बॉयलरखात्यातल्या एकाने कँटीनमध्ये खुनी कोण ते सांगून टाकलं, तर मामांनी त्याच्याशी गणपती येईपर्यंत अबोला धरला. "दुसऱ्याने सांगितलेली भीती उष्टी असते," ते म्हणायचे. "ती मी खात नाही."

गिरगावाकडे इंग्रजी सिनेमे लागत. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याने कधी अडलं नाही. आवाजाशिवाय माणूस समजून घ्यायची सवय आम्हाला गिरणीनेच लावलेली. आमचं बघणंही जरा निराळं होतं. भूत आलं की आम्ही आधी कापड बघायचो. एका सिनेमात जिन्यावरून पांढरी बाई उतरत आली, थेटर चिडीचूप झालं, मामा रीतसर ओरडून झाले आणि मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "मांजरपाट. हलक्या घरचं भूत दिसतंय." महादू म्हणाला, "मामा, कोरा माल हा. अजून धुतलापण नाय." आम्ही इतके हसलो की मागच्यांनी आमच्या पाठीत गुद्दे घातले.

मामा भुतं मानायचे की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "गावाक भुतां फुकटात गावतत, हयसर तिकीट काढूचा लागता, इतकोच फरक." त्यांची खरी भीती भुताची नव्हतीच. "भूत आलं की सुटलो रे. ते यायच्या आधीचं दार मला सोसत नाही," असं ते मला एकदा म्हणाले. थेटरात ते नेहमी मधे बसायचे, एका हाताने माझं मनगट धरायचे आणि दुसऱ्याने महादूचं. घरी आल्यावर महादू मनगटावरचे वळ दाखवून त्यांना चिडवायचा. "मामा, भूत राहिलं बाजूला. तुमीच एक दिवस माझा जीव घेशाल."

त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून चळवळ पेटली होती. चाळीच्या गॅलऱ्यांतून रोज सभा, घोषणा, पत्रकं. महादू त्यात पुढे असायचा. मामा त्याला आवरत नव्हते, फक्त मोर्चा निघाला की त्याच्या मागोमाग जायचे. मीही जायचो. भीती वाटायची असं काही आठवत नाही. एवढी माणसं बरोबर असली की भीती वाटत नाही.

त्यातल्याच एका रविवारी मामांना ताप होता आणि माझ्याकडे पाहुणे आले होते, म्हणून महादू एकटाच गिरगावात सिनेमा बघून आला. सोमवारी साच्यापलीकडून त्याने हातांनी सांगितलं: एक घर, एक बंद खोली. खोलीबाहेर रोज जेवणाचं ताट ठेवतात. ताट रिकामं होऊन बाहेर येतं. आत कोण आहे? एवढं झाल्यावर त्याने छातीवर तीन थापा मारल्या आणि मूठ वळली. मामांनी लटक्या रागाने त्याला साच्यातला धोटा फेकून मारायची खूण केली. दोघंही हसत होते. येत्या रविवारी तिघांनी मिळून पुन्हा जायचं असं ठरलं.

त्याच आठवड्यात चळवळीच्या हरताळात गिरण्या बंद पडल्या आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो. नाक्यावर गर्दी होती. मामा आणि मी एका मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. महादू समोर, रस्त्याच्या मधोमध, आमच्यापासून वीसेक पावलांवर. त्याचं तोंड गर्दीकडे होतं. तो हात वर करून घोषणा देत होता आणि लोक त्याला साथ देत होते. त्याच्या पाठीमागे, रस्त्याच्या टोकाला, पोलिसांच्या बंदुका वर होताना आम्हाला दिसल्या. त्याला दिसल्या नाहीत.

मामांचा हात वर गेला. दोन बोटं खांद्यावरून मागे. मागे बघ. एकदा, दोनदा, तीनदा. महादूचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मग आवाज झाला आणि गर्दी फुटली. रस्ता मोकळा झाला तेव्हा महादू खाली पडलेला होता आणि मामांची दोन बोटं अजून खांद्यावरच होती.

मला रडू आलं नाही. मामांनाही आलं नाही. महादूची आई गावाहून आली, तिने टाहो फोडला, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसलो. गिरणी सुरू झाली तसे मामा कामावर आले आणि आपले साचे चालवू लागले. सोमवारी कोणी छातीवर थापा मारत असला की मामांना बघून हात खाली घ्यायचा. पुढे पुढे तेही बंद झालं. मी जेवत होतो, झोपत होतो, चाळीतल्यांशी बोलत होतो. आत काही हलत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी तोच ताटाचा सिनेमा परळला लागला. मामा आपणहून म्हणाले, "चल. महादून तीन दिल्यान हत." आम्ही गेलो. दोघांत मधे कोण बसणार, म्हणून शेजारी शेजारी बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं नाही. सिनेमा खरोखर चांगला होता. बंद खोलीची कडी आतून हळूहळू सरकली, पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. मी मामांकडे पाहिलं. खांदे जिथल्या तिथे होते. ते पडद्याकडे असे बघत होते, जसं आपण समोरच्या चाळीतलं वाळत घातलेलं कापड बघतो. बाहेर पडताना डोअरकीपर म्हणाला, "काय मामा, आज आवाज नाही?" त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर मामा थांबले. म्हणाले, "माझा हात उठला रे. तोंड नाही उठलं."

मी म्हणालो, "मामा, एवढ्या घोषणा चालल्या होत्या. ओरडला असता तरी त्याला ऐकू गेलं नसतं."

"बाल्कनीपर्यंत ऐकू जायचं," ते म्हणाले. "खोट्या भुतांसाठी बाल्कनीपर्यंत जायचं."

त्या वेळी मी एक गोष्ट सांगायला हवी होती. त्या पायरीवर मामांच्या शेजारी माझाही हात वर गेला होता. माझीही दोन बोटं खांद्यावर होती आणि माझंही तोंड मिटलेलं होतं. हे सांगितलं असतं तर त्यांचं ओझं हलकं झालं असतं की नाही, कोण जाणे. निदान ते एकट्याचं राहिलं नसतं. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली. मी म्हणालो, "चला, उशीर होतोय," आणि आम्ही चालू लागलो.

पावसाळ्यानंतर मामांनी गिरणी सोडली. गावच्या बोटीवर त्यांना पोचवायला मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. एक ट्रंक, एक वळकटी आणि महादूची छत्री, एवढंच सामान. "येतंय रे," म्हणाले आणि फळीवरून वर गेले. बोटीचा भोंगा वाजला. कडेवरची पोरं दचकून रडू लागली, मीही दचकलो. मामा कठड्याशी उभे होते, तसेच उभे राहिले.

बोट हलली. मामांनी धक्क्याकडे पाठ फिरवली होती आणि ते समुद्राकडे बघत होते. त्यांनी एकदा इकडे बघावं असं मला फार वाटलं. सवयीने माझा हात वर गेला, दोन बोटं खांद्यावर टेकली, आणि ती तिथे आहेत हे माझ्या लक्षात आलं. न बघणाऱ्या माणसाला हात दाखवत मी उभा होतो. दुसऱ्यांदा.

मी हात खाली घेतला आणि ओरडलो.

"मामाऽऽ, मागे बघाऽ!"

इतक्या मोठ्याने मी जन्मात ओरडलो नव्हतो. आजूबाजूचे हमाल वळून बघू लागले, एका बाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. आणि तिकडे कठड्याशी मामांचे दोन्ही खांदे कानांपर्यंत उडाले. त्यांनी वळून पाहिलं. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण बोट तोवर लांब गेली होती आणि ते काय ओरडले ते मला ऐकू आलं नाही.