रशिदाभाभीचे बावीस पांढरे

शिरूरच्या बाजारपेठेत रशिदाभाभीचं मॅचिंग सेंटर आहे आणि त्याच्या पायरीवर माझं फॉल-पिकोचं मशीन. बारा वर्षं तिच्याशेजारी बसून मी एवढंच शिकले, की गिऱ्हाइकाचा स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास असतो आणि भाभीचा कुणाच्याच डोळ्यांवर नसतो.

"ट्यूबलाइट खोटं बोलती," म्हणत ती प्रत्येकीला साडीसकट रस्त्यावर काढते. उन्हात रंग जुळल्याशिवाय ब्लाउजपीस फाडायचा नाही, हा नियम. कुणी हुज्जत घातलीच, तर तिच्यासमोर लालभडक कापड धरते. "तीस आकडं मोजा. आता भिंतीकडं बघा." पांढऱ्या भिंतीवर हिरवट डाग तरंगतो, आणि बाई साडी उचलून उन्हात. "लालानं डोळा दमला की तो हिरवा मागतो," भाभी सांगते. शाळा सातवीत सुटली तिची. पुढचं सगळं कापडाच्या ताग्यांनी शिकवलं. चिडक्या गिऱ्हाइकाला ती आकाशी ताग्यांसमोर बसवते, म्हणजे डोकं थंड राहतं. लवकर घालवायचं असेल त्याला लाल-नारिंगीसमोर. माझी खुर्ची कुठल्या ताग्यांसमोर आहे, ते मी सांगणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत वडगाव रासाईहून गौतमी आणि तिची आत्या चांगुणाबाई आल्या. गौतमीचं लग्न आठ दिवसांवर होतं. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणून नवरी पांढऱ्या साडीत. ही साडी तिच्या आईची, तिच्याच लग्नातली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि नेसेन तर हीच, असा पोरीचा हट्ट. त्यावर ब्लाउजपीस हवा होता.

"पांढऱ्याला पांढरा. त्यात काय बघायचं?" चांगुणाबाई म्हणाल्या.

इथंच लोक फसतात. भाभीनं बावीस पांढरे तागे काउंटरवर मांडले. दुधी, मोतिया, सायीचा, निळसर, खडूसारखा कोरडा. चांगुणाबाईंनी सगळ्यात चकचकीत, निळसर पांढरा उचलून साडीवर टाकला. जुनी साडी क्षणात पिवळी पडली.

"बघितलं? पोतेऱ्यागत दिसती. नवी घेऊ."

"आत्या, मी दुसरी नेसणार न्हाई," म्हणताना गौतमीचे डोळे भरून आले. मलाही त्या आत्याचा रागच आला.

भाभीनं सायीचा तागा काढला आणि गौतमीला साडी घेऊन उन्हात उभं केलं. दोन्ही कापडं एकमेकांत मिसळून गेली, साडी उजळली. "साडी तीच हाय आत्याबाई. शेजार बदलला."

पण एक भानगड उरलीच होती. चांगुणाबाईंच्या पिशवीतून या लग्नात नेसायला त्यांनी स्वतःसाठी घेतलेली नवी साडी डोकावत होती, तीही चकचकीत निळसर पांढरी. आईच्या जागी नवरीला खेटून त्याच उभ्या राहणार. म्हणजे प्रत्येक फोटोत पोरीची साडी पुन्हा मळकी. भाभीनं मला डोळा मारला.

आत्याबाईंना आरशापुढं बसवून तिनं तो निळसर पांढरा त्यांच्या हनुवटीखाली धरला. "तब्येत बरी हाय न्हवं?"

"तोंड पार उतरलंय," मी मशीनवरूनच पुस्ती जोडली.

मग तिनं गडद निळं कापड धरलं आणि हळूच ट्यूबही बंद केली. दारातलं कोवळं ऊन तोंडावर आलं. "आता बघा. धा वर्सं गेली!"

चांगुणाबाईंनी मान वळवून आरशात दोन्ही गाल बघून घेतले. मग पांढरी साडी बदलून निळी आणायला निघाल्या. आम्ही दोघी त्यांची पाठ वळायची वाट बघून पोट धरून हसलो.

लग्नाला आम्हालाही आवतण होतं. नवरदेवाला भाभीनं फोनवरूनच सायीच्या रंगाचा कुर्ता घ्यायला लावला होता, तो किस्सा वेगळाच. गडद निळ्याशेजारी ती जुनी साडी अशी खुलली, की नवी वाटावी. भाभीची छाती फुगली. जेवणानंतर तिनं चांगुणाबाईंना गाठलंच. "काय आत्याबाई, रंगानं माणूस बदलतो का न्हाई?"

"भाभी, तुमी ट्यूब बंद केली ती दिसली की मला."

भाभीचा चेहरा पडला. चांगुणाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "साडी मळकी न्हवतीच. ती बघितली की वैनी उभी ऱ्हाती डोळ्यांफुडं. दिवसभर तिच्याशेजारी कशी उभी ऱ्हाऊ, म्हून नवी घेऊ म्हणत हुते."

"मग निळी का घेतली?"

"पोर उन्हात साडी धरून उभी ऱ्हायली, तवा वैनीच दिसली. वाटलं हुतं रडू यील. तर बरं वाटलं, भाभी. मग तिची साडी खुलावी म्हून मीच निळी घेतली."

बावीस पांढऱ्यांची नावं तोंडपाठ असलेल्या भाभीनं आत्याबाईंच्या निळ्या पदराची घडी नीट केली. फोटोसाठी हाक आली. चांगुणाबाई गौतमीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्या साडीचा पदर त्यांनी स्वतःच्या मुठीत घट्ट धरला.